गावाकडच्या धंद्याचा जाहिरात मजकूर: वहीपासून फ्लेक्सपर्यंत, क्रमानं

दर आठवड्याला कुणीतरी व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतं आणि म्हणतं, दादा जरा भारी करून द्या की. मजकूर काय असतो तर 'आमच्या येथे उत्तम प्रतीचा शुद्ध गूळ योग्य दरात मिळेल, एकवेळ अवश्य भेट द्या'. यातला गूळ काढा, तिथं सरकी पेंड घाला, चप्पल घाला, उसाची रोपं घाला, वाक्य तसंच चालतंय. म्हणजे ते वाक्य कुणाचंच नाही. त्यात 'अस्सल', 'दर्जेदार' कोंबून काही सुधारत नाही, कारण घोळ क्रमात झालेला असतो: माणूस आधी लिहायला बसतो आणि मग काय सांगायचं ते शोधतो.

खालचा क्रम मी गुऱ्हाळ, चप्पल, चटणी, पशुखाद्य, रोपवाटिका असल्या धंद्यांना वापरतो. पहिल्या वेळी आठ-दहा दिवस जातात आणि त्यातलं लिहायचं काम तास-दीड तासाचंच असतं. बाकी सगळी तयारी. तयारी गाळून थेट पाचव्या टप्प्यावर उडी मारणार असाल तर आत्ताच सांगतो, परत 'एकवेळ अवश्य भेट द्या' वरच येऊन थांबाल.

बसण्याआधी हाताशी काय हवं

एक साधी दोनशे पानी वही, गल्ल्याजवळ, पेन दोरीनं बांधलेलं (नाहीतर पेन जातंय). मागच्या दोन-तीन महिन्यांतलं गिऱ्हाइकांचं व्हॉट्सॲप चॅट. लायसन आणि सर्टिफिकेटं, जी असतील ती, खरी कागदं, 'काढायला दिलंय' वाली नव्हेत. आजचा दर, पॅकिंगची मापं, आणि दिवसाला जास्तीत जास्त किती माल देऊ शकता तो आकडा. हा शेवटचा आकडा जवळपास सगळे विसरतात आणि मग जाहिरात चालली की पंचाईत होते.

१. जाहिरातीनं नेमकं काय व्हायला पाहिजे ते एका ओळीत लिहा

'नाव झालं पाहिजे' हे उत्तर चालणार नाही. वाचणाऱ्यानं काय करायचं आहे? फोन करायचा, मेसेज टाकायचा, फाट्यावरनं आत वळायचं, का ॲडव्हान्स भरायचा? यातलं एकच निवडा. गुऱ्हाळवाला म्हणतो लोकांनी यावं पण, ऑनलाईन मागवावं पण, आणि होलसेलवाल्यानंही बघावं. तीन कामं म्हणजे तीन वेगळे मजकूर, एकात घातले की एकही होत नाही.

रोपवाटिकेचं उदाहरण घ्या (आडसाली म्हणजे जुलै-ऑगस्टला होणारी उसाची लागण). काम: 'आडसाली लागणीसाठी शेतकऱ्यानं जूनअखेरच्या आत फोन करून रोपांचं बुकिंग करावं.' बस. यात माणूस, हंगाम, तारीख, कृती सगळं आलं. वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढं दर वेळी भांडण लागलं की याच ओळीकडं बघायचं.

तपासा: तुमच्या ओळीत 'आणि' आलाय का? आला असेल तर बहुतेक दोन कामं एकत्र झालीत.

२. वही भरा

हा टप्पा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कंटाळवाणा, म्हणूनच लोक गाळतात. आठवडाभर दुकानात, गुऱ्हाळावर, फोनवर गिऱ्हाईक जे विचारतंय ते जसंच्या तसं लिहायचं. त्याच्याच शब्दात. व्याकरण सुधारायचं नाही, सारांश काढायचा नाही. त्यानं 'ह्यो पाझरतोय का ओ पावसाळ्यात?' असं विचारलं तर वहीत तेच, 'उत्पादनाच्या टिकाऊपणाविषयी शंका' असलं काही नको.

एका गुऱ्हाळाच्या वहीत आठ दिवसात काय आलं ते बघा:

'पिवळा का न्हाई?' (हा प्रश्न एकट्यानं निम्मी वही भरवतो)
'चहा फाटतोय का?'
'केमिकल घालत न्हाई म्हणताय, मग मळी कशानं काढताय?'
'मुंबईला पोरीकडं पाठवायचाय, पार्सल करताय का?'
'अर्धा किलो मिळंल का, दोघंच आहोत घरी.'
'गेल्या टायमाला नेलेल्याला बुरशी आली.'

आता मालकानं आधी लिहिलेला मजकूर यापुढं ठेवा. त्यात शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक, आरोग्यदायी असे चार शब्द होते, आणि आठ दिवसांत एकाही माणसानं 'हा पारंपरिक आहे का' असं विचारलेलं नव्हतं. लोक चहा फाटतोय का विचारतायत आणि आपण त्यांना परंपरा सांगतोय.

प्रश्नांसोबत आणखी दोन गोष्टी लिहायच्या. एक, गिऱ्हाईक कुठल्या शब्दावर मान डोलावतं. दुसरी, न घेता परत जाताना काय बोलतं. 'बघतो सांगतो', 'मंडळींना विचारतो', 'बाजारात यापेक्षा स्वस्त हाय'. परत जाणाऱ्याचं वाक्य सोन्यासारखं असतं, कारण अडतंय कुठं ते त्यातनंच कळतं.

शब्दांचा एक घोळ आपल्या कोल्हापूर भागात हमखास होतो. आपल्याकडं चटणी म्हटलं की कांदा-लसूण घातलेली लाल चटणी, घराघरात वर्षाची करून ठेवतात ती. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला चटणी म्हणजे ताटात डावीकडं वाढायची ओली नाहीतर शेंगदाण्याची कोरडी. एका बचत गटानं पाकिटावर नुसतं 'कोल्हापुरी चटणी' छापलं आणि बाहेरगावच्या बायका फोन करून विचारायला लागल्या की ही इडलीसोबत चालते का. गिऱ्हाईक गावातलं असेल तर चटणी लिहा, बाहेरचं असेल तर 'कांदा-लसूण मसाला' लिहा आणि खाली 'भाजी-आमटीत घालायचा' एवढं सांगा. पायताण आणि चप्पल यांचंही तेच, गावात पायताण म्हटलं की माणूस हसून जवळ येतो, बाहेरच्याला ते कळत नाही.

सावध: आठवण्यातनं वही भरू नका. मालक स्वतःच्या मनातले प्रश्न लिहितो आणि ते बहुतेक वेळा त्याला उत्तर द्यायला आवडणारे प्रश्न असतात.

तपासा: ३० नोंदी झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. मग सारख्या प्रश्नांपुढं रेघा मारून मोजा. सगळ्यात जास्त रेघा पडलेले वरचे तीन प्रश्न, हा तुमच्या मजकुराचा कच्चा माल.

३. प्रत्येक दाव्यापुढं पुरावा लिहा, नसेल तर दावा खोडा

वहीच्या नवीन पानावर मधे उभी रेघ मारा. डावीकडं आपण काय म्हणतोय, उजवीकडं ते कशावरनं.

'केमिकल नाही' कशावरनं? भेंडीच्या चिकानं मळी (उकळत्या रसावर येणारा मैला) काढतो, हायड्रोस (गुळाचा रंग उजळवायची पावडर) वापरत नाही, गिऱ्हाईक येऊन काईलीजवळ (रस आटवायच्या मोठ्या कढईजवळ) उभं राहून बघू शकतं. हा पुरावा झाला. 'दूध वाढतं' कशावरनं? आमच्या गोठ्यातल्या चार म्हशी, अमुक दिवस हे खाद्य, दूध संस्थेच्या पावत्या जपून ठेवल्यात. पावत्या नसतील तर 'दूध वाढतं' खोडा आणि पोत्यात काय काय घातलंय ते लिहा, म्हैस पाळणारा माणूस घटक वाचून बरोबर ओळखतो. 'हाताची चप्पल' कशावरनं? कारागीर शिवतानाचा फोटो, कातडं कुठलं, आणि कातडं कमावायला बाभळीची साल-हिरडा वापरलाय का ते. 'एक नंबर', 'सर्वोत्तम', 'जिल्ह्यात प्रथमच' यांच्यापुढं उजवी बाजू मोकळीच राहते, सरळ खोडा, वाईट वाटत असलं तरी.

काही दाव्यांना पुरावा पुरत नाही, कायदाही बघावा लागतो. इथं जरा नीट वाचा.

सेंद्रिय: विकायच्या पाकिटावर सेंद्रिय किंवा ऑरगॅनिक लिहायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी पद्धतींपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं. नसेल तर जे खरंच करता ते लिहा: 'या रानात रासायनिक खत टाकत नाही, शेणखत घालतो'. आणि उगाच जवळजवळ-सेंद्रिय वाटणारे शब्द शोधत बसू नका.

रोग बरा होतो: 'शुगरवाल्यांना चालतो', 'सांधेदुखीवर रामबाण' असलं खाण्याच्या मालावर लिहायचंच नाही. रोग बरा करण्याचे दावे एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या जाहिरात-दावे नियमांत बसत नाहीत, आणि १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहेच, त्याच्या यादीत मधुमेह आहे. कायदा सोडा, गुळानं साखर वाढतेच, आपल्या शब्दावर विश्वास ठेवून कुणीतरी म्हातारं माणूस रोज खडा खाईल, त्याचं काय.

जीआय (एखाद्या भागातल्या खास मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन): कोल्हापुरी गुळाला २०१४ ला, आजरा घनसाळ तांदळाला २०१६ ला आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय मिळालं. चपलेच्या जीआयमध्ये महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात, तेव्हा 'फक्त आमच्याच जिल्ह्यातली खरी' असं लिहू नका, चूक आहे ते. आणि जीआयचा लोगो छापायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असावी लागते, नुसतं त्या गावात राहून भागत नाही.

तपासा: उजवी बाजू दुसऱ्या कुणालातरी वाचायला द्या, शक्यतो तुमच्याशी भांडणाऱ्या माणसाला. भाऊबंदात एकतरी सापडतोच.

४. एक माणूस आणि एक मुद्दा निवडा

हे पटकन होतं, अर्धा तास बास. वहीतला एक खरा गिऱ्हाईक डोळ्यापुढं आणा. पोरीला मुंबईला गूळ पाठवणारी काकू, किंवा शिरोळकडचा क्षारपड रान असलेला, 'ही जात माझ्या रानात चालंल का' विचारणारा शेतकरी. मग वरच्या तीन प्रश्नांतला त्याचा एक घ्या. बाकीचे दोन कॅटलॉगला, फोनवर, क्विक रिप्लायला (व्हॉट्सॲपमध्ये साठवलेली तयार उत्तरं) ठेवा, वाया जात नाहीत.

५. आधी बोला, मग लिहा

मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि त्या काकूला समोर बसवल्यासारखं सांगा. लिहायला बसलं की आपल्या अंगात शाळेतला निबंध येतो, 'सदर', 'येथे', 'उपलब्ध', 'ग्राहकांच्या सेवेत सज्ज'. बोलताना येत नाही. मग रेकॉर्डिंग ऐकून जसंच्या तसं उतरवा आणि नंतर कापा.

वाक्यांचा क्रम मी असा ठेवतो: पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या मनातली शंका किंवा गरज, मग त्याचं सरळ उत्तर, मग ते कशावरनं, मग माप आणि दर, आणि शेवटी काय करायचं ते. धंद्याचं नाव कुठं? वरती नव्हे. 'श्री अमुक प्रसन्न', मालकाचं नाव, प्रोप्रायटर, स्थापना, आणि मग कुठंतरी खाली गूळ, असं आपल्याकडं करतात. नाव शेवटच्या दोन ओळींत फोनशेजारी ठेवा, गिऱ्हाइकाला ते तेव्हाच लागतंय. देवाचं नाव वर छोट्या अक्षरात ठेवा, त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

गुऱ्हाळाचा मजकूर या क्रमानं असा झाला:

'हा गूळ पिवळा नाही, काळपट तांबूस आहे. पिवळा दिसावा म्हणून हायड्रोस घालतात, आम्ही घालत नाही. मळी भेंडीच्या चिकानं काढतो, खोटं वाटत असेल तर सकाळी या आणि आधण उतरताना शेजारी उभं राहून बघा. अर्धा किलो, १ किलो आणि ५ किलोच्या ढेपा आहेत. १ किलोचा आजचा दर (इथं आकडा). उद्यासाठी पाहिजे असेल तर आज संध्याकाळी सातच्या आत गूळ आणि किती किलो एवढाच मेसेज करा.'

यात एकही भारी शब्द नाही. गिऱ्हाइकाला जे खटकत होतं, काळा रंग, तेच पहिल्या ओळीत आलं. मालक आधी तयारच नव्हता, म्हणाला आपणच आपल्या मालाला काळा कशाला म्हणायचं. पण रंग लपवून ठेवला तर दुकानात आल्यावर दिसणारच आहे की, आणि तिथं समजावून सांगायला दर वेळी तुम्ही हजर असणार आहात का?

चहा फाटण्याचं उत्तर आम्ही वेगळं ठेवलं, व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये: 'चहा उकळून गॅस बंद केल्यावर गूळ घाला, उकळत्या दुधात घालू नका.' बुरशीवालं पण तसंच: 'कोरड्या डब्यात, घट्ट झाकण, ओला चमचा नको.' हे क्विक रिप्लाय ५० पर्यंत ठेवता येतात, दहा भरले तरी रोजचे निम्मे फोन कमी होतात.

रोपवाटिकेचा मजकूर वेगळा, कारण शेतकरी आकड्यांनी विचार करतो (८६०३२ आणि २६५ या उसाच्या जाती, नांग्या म्हणजे रोप मेलेल्या मोकळ्या जागा):

'साडेचार फूट सरी, दोन फुटावर रोप, एकरी ४८४० रोपं बसतात. नांग्या भरायला धरून ५००० सांगा. ८६०३२ आणि २६५ दोन्ही आहेत. कुठली घ्यायची ते रान बघून ठरवू, फोनवर जमिनीचं आणि पाण्याचं सांगा. बुकिंग जूनअखेर.'

हा आकडा हवेतला नाही, एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, त्याला साडेचार गुणिले दोन म्हणजे ९ नं भागा. पाच फूट सरीला ४३५६ येतात. एवढा हिशोब तुम्ही करून दिला की शेतकऱ्याला कळतं समोरच्याला कामातलं कळतंय, 'दर्जेदार रोपे' लिहायची गरजच राहत नाही.

सावध: 'नाद खुळा', 'विषय हार्ड' फ्लेक्सवर टाकायचा मोह आवरा. वाढदिवसाच्या फ्लेक्सांनी ते शब्द इतके घासलेत की तुमचा गूळसुद्धा कुणाच्यातरी वाढदिवसाला शुभेच्छा देतोय असं वाटतं. तसंच एआयकडून लिहून घेतलेलं 'चवीचा अविस्मरणीय प्रवास' वगैरे. एआयला वहीतले प्रश्न दिले तर काहीतरी बरं येईल, नुसतं 'गुळाची जाहिरात लिही' म्हटलं तर तो तुमच्या शेजारच्याला देतो तेच तुम्हाला देणार.

तपासा: मजकूर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदाच वाचून दाखवा. मग विचारा, काय आहे, केवढ्याला आहे, काय करायचं. तिन्हीतलं एक जरी अडलं तरी परत लिहा. समजावून सांगायचं नाही.

६. जागेप्रमाणं कापा

एकच मजकूर सगळीकडं चिकटवणं ही मी बघितलेली सगळ्यात महागडी चूक.

फ्लेक्स. गारगोटी रोडला बाईक ताशी ४० नं चालली आहे धरा, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. ५० मीटरवरनं वाचायला सुरू केलं तर साडेचार सेकंद मिळतात, तेही पुढं उसाची ट्रॉली नसेल तर. बोर्डवाल्यांचा ढोबळ हिशोब असा की दर १० फूट अंतराला १ इंच उंच अक्षर, ५० मीटर म्हणजे १६४ फूट, म्हणजे मुख्य अक्षरं १६ इंच. १० बाय ५ चा फ्लेक्स ६० इंच उंच, मात्रा-उकारांना जागा सोडली की अशा दोन ओळी आणि खाली फोन नंबर, एवढंच बसतं. आणि ओळीत आठ-नऊ अक्षरं. आता सांगा त्यात मालकाचा, मुलाचा, गावच्या नेत्याचा असे तीन फोटो कुठं बसवणार? गुऱ्हाळाचा फ्लेक्स आम्ही 'काळा गूळ' आणि 'आत दीड किमी' एवढाच केला, बाण दाखवून. लावायच्या आधी ग्रामपंचायतीची नाहीतर नगरपालिकेची परवानगी घ्या, नाहीतर चौथ्या दिवशी फ्लेक्स पण जातो आणि पैसे पण.

पत्ता लिहिताना गट नंबर नको. फाटा, डावीकडं का उजवीकडं, पाण्याची टाकी, दूध संस्था, शाळा. माणूस असंच विचारत येतो.

व्हॉट्सॲप. पहिल्या दोन ओळीत विषय आला पाहिजे, बाकी 'आणखी वाचा' च्या खाली जातं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका यादीला २५६ जण बसतात पण मेसेज फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, हे न कळल्यामुळं लोक म्हणतात आमची जाहिरात चालत नाही. तेव्हा बिल देताना 'नंबर सेव्ह करा, दर सांगतो' हे वाक्य बोलायची सवय लावा. गावच्या ग्रुपवर रोज टाकणाऱ्याला लोक म्यूट करतात आणि तोंडावर सांगत नाहीत.

एसएमएस. मराठीत ७० अक्षरांत एक मेसेज, इंग्रजीत १६०. मात्रा, वेलांट्या, स्पेस सगळं मोजलं जातं, वर गेलात की दुसऱ्या मेसेजचे पैसे.

फिरती रिक्षा. रिक्षा एका घरापुढनं जायला आठ-दहा सेकंद लागतात, त्यामुळं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग म्हणजे प्रत्येक घराला वेगळा तुकडा ऐकू येणार. पंधरा सेकंदांचं करा, तीसेक शब्द, मालाचं नाव पहिल्या शब्दात आणि शेवटी परत. गाणं नको, गाण्यात नंबर बुडतो. स्पीकरची पोलीस परवानगी काढा, रात्री १० ते सकाळी ६ तसाही बंद असतो. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे सकाळी-संध्याकाळी दूध संस्थेत रांग असते तेव्हा, पण रांगेच्या शेजारी उभं राहून कर्णा फुंकू नका, शिव्या खाल.

पाकीट आणि लेबल. इथं कापायला परवानगी नाही, उलट भरायचं असतं: एमआरपी सर्व करांसहित, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीचा नंबर, आणि खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, घटक, कधीपर्यंत वापरायचा ते. बऱ्याच जणांना माहीत नसतं की ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागते, मराठी त्यासोबत खुशाल घाला पण फक्त मराठीवर भागत नाही. लेबल छापायला टाकायच्या आधी हे बघा, पाच हजार लेबलं परत छापणारे मी बघितलेत.

गुगलवरचं बिझनेस प्रोफाईल. वर्णनाला ७५० अक्षरं मिळतात, पाचव्या टप्प्यातला मजकूर जवळपास तसाच बसतो. लोकेशनची पिन मात्र स्वतः गुऱ्हाळावर उभं राहून टाका.

७. प्रूफ: छापायच्या आधी थांबा

फ्लेक्सवाल्याकडं बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात काम चालतं. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर तिथं जसाच्या तसा उतरत नाही, पोरगं परत टाईप करतं, तेही गर्दीत, मागं गाणी चालू. मग 'गुऱ्हाळ' चं काहीतरी भलतंच होतं, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' वर तर हमखास दगाफटका, काना-मात्रा गायब. म्हणून तुमचा मूळ मजकूर नव्हे, त्यानं पाठवलेला फायनल फोटो तपासायचा, आणि उलटीकडनं, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत. सरळ वाचलं की डोळा चुका भरून काढतो.

फोन नंबरला वेगळा नियम: फोटोत दिसणारा नंबर बघून स्वतः डायल करायचा. मी एकदा हे केलं नाही. पशुखाद्याच्या फ्लेक्सवर एक आकडा चुकला आणि तीन दिवस सगळे फोन एका निवृत्त मास्तरांना गेले. चौथ्या दिवशी त्यांनीच शोधून काढून मला फोन केला, 'अहो, मला आता पेंडीचा दर पाठ झालाय, तुम्ही कमिशन देणार का?' फ्लेक्सचे पैसे माझ्या खिशातनं गेले. तेव्हापासून डायल केल्याशिवाय 'ओके' पाठवत नाही. नंबर इंग्रजी आकड्यात आणि पाच-पाचच्या दोन तुकड्यांत छापा, मोबाईलच्या कीपॅडवर तेच आकडे असतात.

तपासा: दर, तारीख, वजन, नंबर, बाणाची दिशा. बाणाची दिशा विशेष, फ्लेक्स रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला लागला की बाण शेताकडं जातो.

८. कधी सोडायचं

मजकूर चांगला आणि वेळ चुकली तर काही उपयोग नाही. गावात खिशात पैसे येण्याचे दिवस ठरलेले असतात. दूध बिल दर दहा दिवसाला निघतं, पशुखाद्याची जाहिरात त्याच्या आदल्या दिवशी सोडा, नंतर चार दिवसांनी नको. उसाचं बिल कायद्यानं १४ दिवसांत, प्रत्यक्षात कारखान्याकारखान्यावर, त्यामुळं तुमच्या भागात कधी जमा होतं ते गिऱ्हाइकालाच विचारा, महागड्या वस्तूची जाहिरात तेव्हा.

आडसाली लागण जुलै-ऑगस्टला, आणि रोप तयार व्हायला महिनाभर तरी लागतो, म्हणजे रोपवाटिकेचा मेसेज मे-जूनमध्येच गेला पाहिजे. जुलैत पाठवणारे दर वर्षी भेटतात. गुळाला संक्रांतीच्या आधी, होळी-पाडव्याच्या आधी. चपलेला लग्नसराई, मे महिन्याची सुट्टी आणि अंबाबाईच्या नवरात्राची गर्दी, पावसाळ्यात मात्र गप्प बसा, भिजलेली चप्पल खराब झाली की बोल तुम्हालाच लागणार. उलट पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या गिऱ्हाइकांना 'चप्पल पुसून तेल लावून ठेवा' एवढाच मेसेज टाका, विकायचं काहीच नको त्यात.

सावध: सुतकात, गावात मोठी दुर्घटना झाली असताना, पंचगंगेचं पाणी चढत असताना ठरलेली जाहिरात थांबवा. रिक्षावाल्याला आदल्या रात्री फोन करून सांगायला विसरू नका, तो सकाळी निघून जातो.

९. मोजा, आणि एका वेळी एकच बदला

प्रत्येक फोनला एकच प्रश्न: 'कुठं बघितलंत?' आणि वहीत रेघ. फ्लेक्स, व्हॉट्सॲप, रिक्षा, कुणी सांगितलं, असे चार रकाने. पंधरा दिवसांनी मोजा. फोन आलेत पण खरेदी नाही, तर मजकूर नको बदलायला, दर किंवा फोनवर बोलणारा माणूस बघा. (एका ठिकाणी फोन मालकाचा मुलगा उचलायचा आणि 'पप्पा बाहेर गेलेत' म्हणून ठेवून द्यायचा. जाहिरात बिचारी बरोबर होती.) फोनच नाहीत तर पहिली ओळ बदला, फक्त पहिली ओळ, परत पंधरा दिवस थांबा. पहिली ओळ, फोटो, दर सगळं एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही.

गिऱ्हाइकानं चांगलं काही बोललं तर तेही वहीत, पण त्याचं नाव किंवा फोटो वापरायचा असेल तर विचारून वापरा, गावात न विचारता फोटो लावला की कौतुकाचं भांडण होतं.

आणि माल संपला की त्याच दिवशी सांगायचा मजकूर आधीच लिहून ठेवा: 'आजचा गूळ संपला. पुढचं आधण परवा सकाळी. नाव सांगून ठेवलंत तर बाजूला ठेवतो.' सीझन संपला की फाट्यावरचा फ्लेक्स स्वतः जाऊन काढा. मे महिन्यात दीड किलोमीटर आत येऊन थंड चुलवाण बघून परत गेलेला माणूस पुढच्या वर्षी वळत नाही.